पूल झाला, आता नावाड्यानं काय करायचं?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत गेल्या वीस वर्षांत सरकारी आरोग्यसेवा वाढली, हे कुणीही मान्य करील. दारात आशा येते. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका निघते. कर्नाटकात ही सेवा नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसे पडत नाहीत. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग सरळ हिशेब असा मांडता येईल, की गावोगाव औषधांची पेटी घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचं काम आता संपलं. त्यांनी दुकान आवरावं आणि समाधानानं घरी जावं.

तसं होत नाही. संस्थेच्या दारात माणसं येतच राहतात, फक्त हातातली वस्तू बदललेली असते. पूर्वी खोकल्याचं औषध मागायला येणारा माणूस आता आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन येतो. आणि नेमकं त्याच काळात संस्थेची मिळकत आटते, जुने कार्यकर्ते सोडून जातात, तालुक्याचे आरोग्य अधिकारी विचारतात, ‘आता तुमचं काय काम?’ सेवा सुधारली तरी लोकांची अडचण उरते आणि संस्था मात्र संकटात येते. हे कोडं सोडवायचं तर आधी संस्था जगते कशावर, ते पाहायला हवं.

फट बुजत नाही, सरकते

मांजरेवर किंवा भीमेवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला नावेशिवाय सोय नव्हती. पूल झाला की मोठ्या रस्त्यावरची माणसं नावेत बसायची थांबतात. पण पूल एका जागी असतो आणि नदीकाठ लांबलचक. पुलापासून दूर असलेल्या वस्तीला, ओझं घेऊन निघालेल्या म्हातारीला, पुराच्या दिवसांत रस्ता तुटलेल्या गावाला नावाडी लागतोच. मात्र तो जुन्याच धक्क्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला, तर उपाशी मरेल.

स्वयंसेवी संस्थेचं तेच. सरकार जे देत नाही आणि बाजार जे परवडणाऱ्या दरात देत नाही, त्या दोन्हींमधल्या फटीत ती उभी असते. सरकारनं सेवा सुरू केली की ती फट बुजली असं वाटतं. प्रत्यक्षात ती दुसरीकडे सरकते. औषध नव्हतं, ते आलं. आता औषधापर्यंत पोचणं ही अडचण झाली. पोचायची सोय झाली. आता कागद पुरा नाही म्हणून माणूस परत येतो. संस्थांना बदलायला मदत करायची म्हणजे फट कुठे सरकली ते त्यांना शोधून देणं, आणि तिथवर जायला लागणारा पैसा, माणसं आणि कागद उभे करून देणं. पहिलं काम रंजक आहे, दुसरं कंटाळवाणं. संस्था मरतात त्या बहुतेक दुसऱ्यापायी.

इथला काठ जरा जास्तच वाकडा

बिदर आणि गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत त्याचे तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्याचीच तीन शकलं झाली: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेलं म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. म्हणून आजही औरादच्या सुनेचं माहेर उदगीरला असतं, पहिलं बाळंतपण तिकडे होतं आणि बाळाचं लसीकरण इकडच्या उपकेंद्रात अडतं, कारण आईच्या नावाची नोंद दुसऱ्या राज्यात आहे.

आरोग्यात हा भाग मागे आहे, हे सरकारनं स्वतःच लिहून ठेवलंय. डॉ. एच. सुदर्शन यांच्या अध्यक्षतेखालच्या कर्नाटकच्या आरोग्य कृती दलानं २००१ च्या अहवालात उत्तरेकडच्या जिल्ह्यांकडे वेगळं लक्ष द्यायला सांगितलं. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये राज्यातले ३९ तालुके ‘अति मागास’ ठरवले. त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. पुढे २०१२ च्या घटनादुरुस्तीनं ३७१ (जे) हे कलम आलं आणि या भागाला नोकऱ्या, शिक्षण आणि विकासनिधी यांत वेगळी तरतूद मिळाली. बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेचं कलबुर्गीतलं नवं रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, त्याच्या खाटाही मुद्दाम ३७१ ठेवल्या. खाटांच्या आकड्यातून राजकारण बोलावं, हे आपल्याकडेच होऊ शकतं. पण हृदयाच्या रुग्णाला आता बंगळुरू गाठावं लागत नाही, हे खरं.

भाषेचा गुंता आणखी वेगळा. दिल्लीचा आदेश इंग्रजीत निघतो, बंगळुरूचा कन्नडमध्ये. आशाताई घरोघर मराठीत बोलते, बाजारात दखनीत आणि तांड्यावर लमाणीत. आदेश आणि तांडा यांच्यामधलं हे अंतर कुठल्याही सरकारी तक्त्यात नोंदलेलं नसतं.

कुष्ठरोगानं वाट आधीच दाखवलीय

सरकारी सेवा बदलली की संस्थांचं काय होतं, हे समजून घ्यायला कुष्ठकार्यासारखं उदाहरण नाही. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. तिथे डॉ. आर. व्ही. वर्डेकर यांनी एक पद्धत घालून दिली: घरोघर पाहणी करायची, लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि घराजवळ उपचार द्यायचा. ही पद्धत पुढे सरकारनं उचलली. देशभर संस्थांना ठराविक लोकसंख्येचा टापू नेमून दिला आणि त्या कामासाठी अनुदान दिलं. कुष्ठरोगासाठी वेगळा कर्मचारी, वेगळी नोंदवही, वेगळी गाडी. एकाच रोगासाठी उभी केलेली स्वतंत्र यंत्रणा.

१९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आला. दोन-तीन औषधं एकत्र दिल्यानं रोग सहा महिन्यांत, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत बरा होऊ लागला. रुग्णांची संख्या झपाट्यानं उतरली. मग सरकारपुढे रास्त प्रश्न आला, की एवढ्या कमी रुग्णांसाठी वेगळी यंत्रणा कशाला? २००१ नंतर कुष्ठरोगाचं निदान आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवण्यात आलं. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं.

संस्थांवर एकाच वेळी दोन आघात झाले. टापू गेला, म्हणजे अनुदानाचा आधार गेला. आणि देणगीदारांना वाटलं, रोग संपला. तो संपलेला नव्हता. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, वर्षाला लाखभर.

ज्या संस्था टिकल्या त्यांनी काय केलं? त्यांनी गोळ्या वाटणं सोडलं, कारण गोळ्या आता केंद्रात मिळत होत्या. पण गोळी जंतू मारते. वाकडी झालेली बोटं सरळ करत नाही आणि बधिर तळव्याला जखम कळू देत नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या पायाला पुन्हा पुन्हा जखमा होत राहतात. त्यासाठी मऊ रबराची चप्पल लागते, रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावायची सवय लागते, बोटांची शस्त्रक्रिया लागते. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला हे जमत नव्हतं. संस्थांच्या रुग्णालयांना जमत होतं. काहींनी शस्त्रक्रियेचं केंद्र उभारलं, काहींनी सरकारी डॉक्टरांना आणि परिचारिकांना चट्टा ओळखायला शिकवलं. ज्यांनी ‘आमचा टापू आम्हाला परत द्या’ एवढीच मागणी लावून धरली, त्यांना कुणी विचारलं नाही.

दक्षिणेत एचआयव्हीच्या कामातही असाच बदल झाला, पण तो ठरवून झाला. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ हा मोठा प्रकल्प २००३ पासून कर्नाटक, महाराष्ट्रासह सहा राज्यांत संस्थांमार्फत चालला. तो सरकारकडे सोपवला गेला तीन हप्त्यांत: २००९, २०११ आणि २०१२. त्याआधीच संस्थांचे पगार आणि खर्च सरकारी दरांच्या जवळ आणले गेले, नोंदींचे नमुने जुळवले गेले. हस्तांतराचा दिवस उजाडला तेव्हा धक्का बसला, पण भुई पायाखालून गेली नाही. कुष्ठकार्यात ही मुदत मिळाली नव्हती.

गोळी गिळताना पाहणारा माणूस

आता बिदर-कलबुर्गीच्या रोजच्या कामाकडे येऊ. क्षयरोगाचं उदाहरण घेतो, कारण इथल्या बहुतेक आरोग्य संस्थांचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध आलेला असतो.

१९९७ पासून देशात पसरलेल्या सुधारित कार्यक्रमात रुग्णाला आठवड्यातून तीनदा औषध मिळायचं आणि ते कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायचं असायचं. गोळी खाल्ली की नाही याची खात्री व्हावी, म्हणजे औषधाला न जुमानणारा क्षय तयार होणार नाही, हा हेतू. गोळी गिळताना पाहणारा हा माणूस बऱ्याचदा संस्थेचा कार्यकर्ता, दुकानदार नाहीतर अंगणवाडी सेविका असे. संस्थेचं काम ठरलेलं होतं: डबा आपल्याकडे ठेवायचा, वार पाळायचे, न येणाऱ्याच्या घरी जायचं.

२०१७ अखेरपासून पद्धत बदलली. वजनानुसार ठरवलेल्या, एकाच गोळीत तीन-चार औषधं असलेल्या गोळ्या रोज घ्यायच्या, आणि बहुतेक रुग्णांनी त्या घरीच घ्यायच्या. आठवड्यातले तीन वार सांभाळणारा माणूस एका आदेशानं बिनकामाचा झाला. २०१८ च्या एप्रिलपासून निक्षय पोषण योजना आली. उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये थेट खात्यात, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. प्रत्येक रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो.

फट कुठे सरकली ते आता पाहा. पैसे जमा होण्यासाठी खातं शक्यतो रुग्णाच्या नावावर, आधारला जोडलेलं आणि चालू हवं. रेशन कार्डावर ‘लक्ष्मीबाई’, आधारवर ‘लक्ष्मी’, आणि जनधन खात्यात दोन वर्षं व्यवहारच नाही, अशी स्थिती असली की उपचार संपतो तरी पैसा येत नाही. पोटात अन्न नसताना क्षयाच्या गोळ्या घेणं म्हणजे काय, हे ज्यानं घेतल्यात त्यालाच विचारा. मळमळ सुरू झाली की गोळी बंद होते. म्हणून खात्याची दुरुस्ती हा उपचाराचाच भाग झाला.

दुसरी जागा स्थलांतराची. आळंद, चिंचोली, औरादच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर किंवा हैदराबादला निघतात. निक्षय क्रमांक देशभर चालतो. आरोग्य कर्मचाऱ्यानं प्रणालीत रुग्णाची बदली केली, तर सोलापूर जिल्ह्यातल्या केंद्रातून त्याला पुढच्या गोळ्या मिळू शकतात. पण बदली करायला आधी कळायला हवं, की रुग्ण निघालाय. सरकारी कर्मचाऱ्याला ते महिन्यानं कळतं. मुकादमाला आधीपासून ठाऊक असतं, आणि तांड्यावर ऊठबस असलेल्या कार्यकर्तीलाही. टोळी निघण्याआधी मुकादमाकडून नावं घेणं, त्यांत क्षयाचा, मधुमेहाचा, रक्तदाबाचा रुग्ण कोण ते पाहणं, सोबत चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या देणं, हे काम कुठल्याही योजनेच्या कागदावर नाही. करायला मात्र हवं, आणि ते संस्थेला जितकं जमेल तितकं कुणालाच जमणार नाही.

गोळी गिळताना पाहणाऱ्या कार्यकर्त्याला या कामाकडे वळवायला काय लागतं? थोडं नवं शिक्षण: दुष्परिणाम ओळखणं, घरातल्या इतरांना प्रतिबंधक औषधासाठी नेणं, बँकेत बोलणं. आणि पुष्कळ धीर. वीस वर्षं ‘डब्बेवाले डॉक्टर’ म्हणून मान मिळवलेल्या माणसाला ‘आता तुम्ही खात्यांची कामं करा’ म्हटलं की ते मानाला लागतं. हा भाग प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसतो.

कार्ड इकडचं, दवाखाना तिकडचा

मोठ्या आजाराच्या उपचाराचा खर्च सरकारनं भरायची कर्नाटकातली पहिली मोठी योजना, वाजपेयी आरोग्यश्री, फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाली ती आपल्या गुलबर्गा विभागातच. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदयरोग, कर्करोग, भाजणं अशा आजारांवर मोफत उपचार. योजनेच्या गावांची शेजारच्या बिगरयोजना गावांशी तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. गरीब घरांत त्या आजारांनी होणारे मृत्यू बरेच कमी दिसले. गावात शिबिर घेऊन रुग्ण शोधणं आणि रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमणं हा योजनेचाच भाग होता, हे संस्थांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसतं कार्ड देऊन भागत नाही, हे योजना आखणाऱ्यांनाही माहीत होतं.

२०१८ मध्ये अशा सगळ्या योजना एकत्र होऊन ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, इतरांना खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत सरकारी वाटा. पण तिची कळ वेगळी आहे. साधा आजार सरकारी रुग्णालयातच दाखवायचा. गुंतागुंतीच्या आजाराला तिथे सोय नसेल तर सरकारी डॉक्टरनं संदर्भ चिठ्ठी द्यायची. मगच खासगी रुग्णालयात मोफत उपचार. तातडीच्या प्रसंगी चिठ्ठी लागत नाही.

सीमेवरचा माणूस इथे फसतो. आळंदहून सोलापूर जवळ, भालकीहून उदगीर-लातूर जवळ, बिदरहून हैदराबाद जवळ. पोटात दुखू लागलं की पाय नेहमीच्या वाटेनं वळतात. तिकडच्या खासगी दवाखान्यात भरती झाल्यावर कार्ड पुढे केलं, की ‘हे इथे चालत नाही’ असं ऐकायला मिळतं. आयुष्मान कार्ड इतर राज्यांत चालण्याची सोय आहे, पण ती साधारणपणे केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना आणि तिथल्या नोंदणीकृत रुग्णालयांतच. कर्नाटकानं स्वतःच्या खर्चानं वाढवलेल्या कुटुंबांचं तसं नाही. एकाच गल्लीत, एकाच रंगाच्या कार्डांवर दोन वेगळे नियम लागू होतात.

त्यात २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं जोरदार हरकत घेतली. सीमाप्रश्न इथे सोडवायचा नाही. पण रुग्णाच्या कामात असलेल्या संस्थेनं एक पथ्य पाळावं, असं मला वाटतं: रुग्णाला दोन्ही राज्यांच्या योजनांचे नियम सांगावेत आणि कुठल्याही एका बाजूचा झेंडा दवाखान्यात नेऊ नये. उद्या तालुका अधिकाऱ्याशी तिचं बोलणं तुटलं, तर संदर्भ चिठ्ठी रुग्णाचीच अडणार.

पैसा कुठून यायचा आणि का आटला

सेवा बदलली त्याच सुमारास पैशाचे नियमही बदलले. परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्त झाला. त्याआधी बंगळुरू-मुंबईतली मोठी संस्था परदेशातून निधी घ्यायची आणि औरादच्या छोट्या संस्थेला त्यातला वाटा द्यायची. दुरुस्तीनं असं पुढे देणं बंद केलं. शिवाय कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. आरोग्याच्या कामात खर्च होतो तो मुख्यतः माणसांवर, त्यामुळे कुठला पगार ‘कामाचा’ आणि कुठला ‘कार्यालयाचा’ यावरून हिशेबनीसाची झोप उडाली. छोट्या संस्थांचा तर आधारच गेला.

मग सगळे वळले कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे, म्हणजे सीएसआरकडे. ठराविक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, हा नियम एप्रिल २०१४ पासून आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा सांगतो. कलबुर्गीत वाडी, मळखेड, सेडम इथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तिथे हा पैसा दिसतो. औराद-कमलनगरला चुनखडीही नाही आणि कारखानाही नाही. निधी सिमेंटमागे जातो, आजारामागे नाही. शिवाय तो वर्षावर्षानं ठरतो, वस्तूंवर खर्च व्हायला बघतो. रुग्णवाहिका देतो, चालकाचा पगार देत नाही.

याखेरीज संस्थेचा आठवड्याला भरणारा बाह्यरुग्ण विभागही कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदवावा लागतो. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णाचं नाव उघड होता कामा नये. म्हणजे जुनं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवायची सवय सोडायला हवी.

मदत करायची तर कशी

पूर्वी सरकारनंच यासाठी एक सोय केली होती. प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात ‘मदर एनजीओ’ ही रचना होती: एका मोठ्या संस्थेनं छोट्या संस्थांना शिकवायचं, हिशेब पाहायचे, सरकारशी बोलायचं. ती रचना पुढे मागे पडली. बंगळुरूच्या कम्युनिटी हेल्थ सेलसारख्या संस्थांनी १९८४ पासून असं पाठबळाचं काम स्वतःहून केलं. आज तालुक्याच्या पातळीवर ते कुणीच करत नाही. करायचं झालं, तर खालची चौकट उपयोगी पडेल.

*चौकट: संस्थेला बदलायला मदत करताना*

*• मोठा सर्व्हे करू नका. अडकलेल्या पाच रुग्णांची वाट उलटी चाला: कुठल्या दारावर, कुठल्या कागदावर, कुणाच्या शब्दावर ते परत फिरले ते लिहा. फट तिथे आहे.*

*• नवा आदेश आला की त्याचं एक पान मराठीत करा आणि गावातल्या कार्यकर्तीला समजलं का, ते तिच्याकडून वदवून घ्या.*

*• जिल्ह्याचा आरोग्य आराखडा आर्थिक वर्षाच्या काही महिने आधी तयार होतो, आता दोन वर्षांसाठी. सूचना तेव्हा द्या. एप्रिलनंतरचं निवेदन फायलीत जातं.*

*• ग्राम आरोग्य समिती, केंद्राची आरोग्य रक्षा समिती आणि जिल्ह्याचा क्षयरोग मंच इथे जागा आहेत. रिकाम्या ठेवू नका.*

*• करारात तीन गोष्टी असल्याशिवाय सही नको: पैसा कधी मिळणार, मुदत किती, आणि काम मधेच काढून घेतलं तर कर्मचाऱ्यांचं काय.*

शेवटच्या मुद्द्यामागे अनुभव आहे. करुणा ट्रस्टनं १९९६ मध्ये चामराजनगरकडचं गुंबळ्ळीचं प्राथमिक आरोग्य केंद्र सरकारकडून चालवायला घेतलं. ते उत्तम चाललं आणि पुढे ‘आरोग्य बंधू’ नावानं राज्यातली बरीच केंद्रं संस्थांकडे, वैद्यकीय महाविद्यालयांकडे दिली गेली. काही वर्षांनी सरकारनं धोरण बदललं आणि ती परत घेतली. सरकारला तो अधिकार आहे. पण संस्थेनं भरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांचा अनुभव यांचं काय करायचं, हे सही करताना ठरलेलं असावं.

आणखी एक धोका आहे. सरकारी काम घेतलेली संस्था हळूहळू बोलणं बंद करते. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात लोकांनीच दवाखान्यावर देखरेख ठेवण्याचा प्रयोग नऊ राज्यांत सुरू झाला. कर्नाटक त्यात होतं आणि महाराष्ट्रही. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला शेजारी उस्मानाबाद होता. जनसुनवाईत लोक उभे राहून सांगत, औषध बाहेरून आणायला लावलं, पैसे मागितले. ज्या संस्थेचा पगारच त्या खात्यातून येतो तिला ही सुनवाई भरवता येत नाही. म्हणून सेवा चालवणारी आणि देखरेख ठेवणारी संस्था वेगळ्या असाव्यात. एकच असेल, तर निदान त्या देखरेखीचा पैसा सरकारी नसावा. सरकारी नोंदी संगणकात भरून देणारं फुकटचं कार्यालय होणं, याला मी समाजकार्य म्हणणार नाही.

आणि कधी कधी बदल उलट दिशेनंही होतो. सीमेपलीकडे तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं १९९३ पासून गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं; त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये सरकारनं ते काम देशभरच्या आशांकडे दिलं. आज आशाताई बाळाला घरी येऊन तोलते, ते तिथून आलं. संस्थेनं शोधायचं, सरकारनं पसरवायचं आणि संस्थेनं पुढच्या फटीकडे जायचं, असा हा क्रम आहे. ती पुढची फट शोधायला आपल्याकडे आयतं साधन आहे: बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात महिला बचत गटांचं जाळं इथे दाट विणलं. टोळी कधी निघणार, कुणाचं खातं बंद पडलंय, कुणाच्या घरी खोकला आहे, हे त्या गटांना ठाऊक असतं. आरोग्याच्या नव्या कामाची सुरुवात तिथून करता येईल. नवी माणसं शोधायची गरज नाही.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या तालुक्यातल्या संस्थेला देणगी देणार असाल, तर औषधं, खुर्च्या किंवा शिबिराचा मांडव देऊ नका. औषधं सरकारी केंद्रात आहेत. एका कार्यकर्तीचा वर्षभराचा पगार द्या आणि तो कशावर खर्च झाला ते विचारू नका. तिच्या हाताखालून किती रुग्णांचे अडलेले पैसे खात्यात आले आणि किती जणांना वेळेत संदर्भ चिठ्ठी मिळाली, तेवढं विचारा.